गॅलनला चोवीस दगड

गॅरेजात गाड्यांपेक्षा गोष्टीच जास्त साचतात. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, गोष्ट तिथंच राहते. पुसदला वामनमिस्तरीच्या गॅरेजात मी मेकॅनिक होतो, तेव्हा एकट्या डॉक्टरसाहेबांच्या गाडीनं आम्हाला इतक्या गोष्टी पुरवल्या की बाकी गिऱ्हाइकांची गरजच पडली नाही बुवा.

गाडी लढाईच्या आधीची, विलायती. डॉक्टरसाहेब दर बुधवारी तिच्यातून घाटापलीकडच्या तांड्यावर जात. तिकडं दुसरा डॉक्टर नव्हता, आणि पेट्रोलपंप तर नव्हताच. एक दिवस ते वैतागून आले. "मिस्तरी, गॅलनला बारा मैल देते ही. वीस नाही दिले तर विकून टाकतो. तांड्यावर जाणंही बंद."

मिस्तरीला ते फार लागलं. त्याची आई त्याच बाजूच्या एका खेड्यात डॉक्टरवाचून गेली होती. मला म्हणाला, "ही गाडी विकू नाही द्याची लेका."

०

मिस्तरीनं सायलेन्सरमध्ये बोट घातलं. काळंकुट्ट निघालं. "चोक ओढलेला राह्यते हिचा. म्हणून पेट्रोल पिते."

डॉक्टरसाहेब मानेनात. सकाळी थंड इंजिनाला जादा पेट्रोल मिळावं म्हणून चोक ओढतो, पण गाडी सुरू झाली की लगेच आत ढकलतो, म्हणाले. मग मिस्तरी त्यांच्यासोबत एक चक्कर मारून आला, तो हसतच उतरला. साहेबांनी गाडीत बसल्याबरोबर औषधांची पिशवी समोरच्या बटणाला लटकवली होती, आणि ते बटण चोकचं! पिशवीच्या वजनानं ते बाहेर यायचं आणि बाहेरच राहायचं.

"साहेब," मिस्तरी म्हणाला, "तुमाले मोटर कायले पाह्यजे? खुंटी पाह्यजे."

०

तरी फरक थोडाच पडला. मग सपाट जागी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून ढकलून पाहिली, तर जागची हालेना. ब्रेक चाकांना घासत होते. विचारलं, तेव्हा साहेब जरा ओशाळले. घाट उतरताना भीती वाटते म्हणून त्यांनीच उमरखेडला कोणाकडून तरी ब्रेक आवळून घेतले होते. 'चांगले घट्ट कर,' असं बजावून.

मिस्तरीनं कपाळावर हात मारला. "म्हंजे तुमी गाडीले चाल म्हणून राह्यले, अन् ब्रेक तिले थांब म्हणून राह्यला. इंजन बिचारं कोणाचं आयकीन?"

०

ब्रेक सैल केले. आता खरी परीक्षा. मैलाचा काटा कधीचाच बंद होता. म्हणून टाकी कोरडी करून मोजून एक गॅलन पेट्रोल ओतलं आणि ठरवलं, गाडी थांबेपर्यंत सडकेच्या कडेचे मैलाचे दगड मोजायचे. मोजायचं काम माझ्याकडं.

चोवीस भरले. मिस्तरीनं भर सडकेवर गाडीच्या बॉनेटला नमस्कार केला, साहेबांनी दवाखान्यात पेढे वाटले. मी तर आठ दिवस छाती काढून फिरत होतो.

०

पुढच्या बुधवारी सडकेचा मुकादम सायकलीत हवा भरायला आला. मिस्तरीनं लगेच ऐकवलं, "डॉक्टरसाहेबाची गाडी गॅलनले चोवीस मैल देते आता. दगड मोजून पाह्यले."

मुकादम पंप सोडून हसत सुटला. "मैलाचे दगड तं आमी मागच्या महिन्यातच उपटले ना बे! आता किलोमीटरचे हायेत."

"किलोमीटर केवढा राह्यते?"

"लहान राह्यते. आठ किलोमीटर चालले, तवा पाच मैल होते."

आम्ही बोटांवर हिशेब केला. चोविसाचे पंधराच झाले. मिस्तरी मटकन खाली बसला. "लेका, गाडी नाही सुधरली. सरकारनं सडक बारीक केली."

आणि साहेब सकाळीच तांड्यावर गेले होते. जाऊन-येऊन वीस मैल, टाकीत एकच गॅलन. चोवीस देते म्हणून जादा पेट्रोलचा डबाही त्यांनी आमच्याकडंच ठेवला होता.

०

दुपारी सडकेवर हॉर्न वाजला. इंजिनाचा आवाज मात्र नव्हता. बाहेर येऊन पाहतो, तर गाडीला बैलजोडी जुंपलेली. पुढं कासरा धरून तांड्याचा प्रमुख थावरा नायक, आत स्टेअरिंग धरून डॉक्टरसाहेब.

साहेबांनी नायकाच्या सुनेचं बाळंतपण केलं होतं. परतताना घाट उतरल्यावर पेट्रोल संपलं. बाळाच्या आनंदात गूळ-खोबरं घ्यायला निघालेल्या नायकाची बैलगाडी मागून आली, तेव्हा त्यानं आपली गाडी तिथंच सोडून बैल मोटारीला जुंपले. पाच मैल तसेच आले.

मिस्तरीनं हात जोडले. "साहेब, चुकलं. हे पंधराच देते. दगडं बदललेले आमाले समजलेच नाही. आता विका, मी आडवा नाही येत." मोजणारा मी, मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नायकानं बैल थांबवले. "विकता? मंग बुधवारी आमच्या इकडं कोण येईन?"

साहेब खाली उतरले. त्यांनी एका बैलाच्या पाठीवर थाप मारली.

"मीच येईन, नायक. तुम्ही फक्त दर बुधवारी ही जोडी घाटाखाली आणून ठेवा."