दादांच्या खिशातली तीन अक्षरं

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हरताळ पडला की आमच्या गिरगावातल्या चाळीत सगळ्यांचे वडील घरी असायचे. बाकीचे गॅलरीत उभे राहून राजकारण बोलायचे. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, सदऱ्याच्या खिशातून शिशाचे तीन खिळे काढून माझ्यापुढे फरशीवर मांडायचे आणि म्हणायचे, "हं, शोध."

दादा जवळच्याच एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळा म्हणजे छपाईचं एकेक सुटं अक्षर. झिजून वितळवायला निघालेल्यांतले तीन खिळे ते मालकांना विचारून घरी आणायचे आणि छापखाना उघडला की परत नेऊन टाकायचे. ती तिन्ही अक्षरं ज्यात आहेत असे इंग्रजी शब्द शोधायचे, आणि जो आधी थकेल तो हरला, एवढाच आमचा खेळ.

मी नेहमी हरायचे. आम्हाला इंग्रजी आठवीत सुरू झालेलं आणि मी आठवीतच होते. आय, एन, डी असे खिळे आले की 'विंडो' आणि 'काइंड' एवढ्यावर माझी गाडी अडायची. दादांचं तोंड मात्र थांबायचं नाही. इंडेंट, डिव्हिडंड, अंडर-सिग-नेड! उच्चार त्यांचे स्वतःचे. अर्थ विचारला की नुसते हसायचे. त्यांची शाळा मराठी चौथीला सुटली होती. पुढे वीस वर्षं त्यांनी इंग्रजी नोटिसा जुळवल्या त्या समोरचा कागद बघून, एकेक अक्षर उचलून.

"अर्थ माहीत नाही, मग शब्द येतो असं कसं म्हणता?" एकदा मी फटकन बोलले. चार धडे शिकल्याची मला तेव्हा भारी मिजास होती.

"मला नसेल येत. माझ्या हाताला येतो," दादा म्हणाले. आवाज चढला नाही, पण त्या दिवशी खेळ तिथंच संपला.

आणि त्याच हाताला पुढे कंप सुटला. बारीक खिळे बोटांतून निसटायला लागले. मालकांनी थोडे दिवस पाहिलं आणि सांगितलं की दिवाळीनंतर जुळणीवर, म्हणजे खिळे जुळवायच्या कामावर, ठेवता येणार नाही. प्रूफ तपासणाऱ्या रीडरची खुर्ची रिकामी होती. इंग्रजी प्रूफ वाचून चुका दाखवल्यात तर तिथं बसा, नाहीतर हिशेब चुकता करू. दादांनी हे आईला सांगितलं तेव्हा मी चूल फुंकत होते. फुंकायची थांबले. माझं ते बोलणं आठवून मला स्वतःचाच राग आला.

त्या दिवसापासून आमच्या खेळात हारजीत उरली नाही. खालच्या मजल्यावरच्या कारकुनाकडून मी एक फाटका शब्दकोश मागून आणला. दादा शब्द काढायचे, मी अर्थ शोधायचे. 'अंडर-सिग-नेड' म्हणजे खाली सही करणारा, हे कळल्यावर दादा मांडीवर थाप मारून म्हणाले, "म्हणजे वीस वर्षं या माणसाची सेवा करतोय आणि ओळख आज झाली!" रस्त्यावरून 'झालाच पाहिजे'च्या घोषणा जायच्या आणि आई तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "बाहेर मराठी राज्य मागतायत आणि आमच्याकडे साहेबाची शाळा भरलीय." म्हणायची, पण शब्दकोशाला कव्हर घातलं ते तिनंच.

दादांच्या परीक्षेचा दिवस उजाडला. दादा संध्याकाळी घरी आले ते हसतच, पण ते हसू काही खरं नव्हतं.

मालकांनी त्यांच्या हातात ताजं प्रूफ दिलं होतं. दादा त्याच्याकडे बघत राहिले आणि त्यांना एकही चूक सापडेना. कंपोझिटर समोरच्या कागदावरून एकेक अक्षर उचलतो, पण अख्खी ओळ वाचून चूक पकडतो ती खिळ्यांवरच, आणि तिथं अक्षरं आरशातल्यासारखी उलटी असतात, वर डोक्यावर उभी. चुका शोधायला सरळ छापलेला कागद म्हणजे दादांना परका मुलूख. शेवटी ते उठून खिडकीपाशी गेले, कागदाची कोरी बाजू स्वतःकडे केली, खालचं वर केलं आणि कागद उजेडासमोर धरला. आरपार दिसणारी अक्षरं आता अगदी खिळ्यांसारखी उभी राहिली. मालकांशेजारी उभा असलेला छापखान्याचा मॅनेजर खो खो हसला. "अहो, यांना इंग्रजी सुलटं कुठलं ते तरी सांगा!"

"मग?" आई म्हणाली.

"मग काय. भराभर सगळ्या चुका दाखवल्या. मालक स्वतः जुळणीवरूनच वर आलेले, ते नाही हसले. पण एका शब्दावर बोट ठेवून म्हणाले, याचा अर्थ सांगा."

"सांगितलात?"

"नव्हता येत. म्हटलं, मालक, मला ठाऊक नाही. मुलीला विचारून उद्या सांगतो."

आईनं कपाळावर हात मारला. "अहो, काहीतरी ठोकून द्यायचं!"

"काय म्हणाले मालक?" मी विचारलं.

"उद्या अर्थ घेऊन या, मग बोलू, म्हणाले." दादांनी शब्द सांगितला. कँडिड.

आय, एन, डी, तिन्ही होते त्यात. आमच्या खेळात हा कधी निघाला कसा नाही, असं मनात म्हणत मी पानं उलटली. अर्थ सापडला आणि मला एकदम हसू फुटलं. "दादा, मनात असेल ते आडपडदा न ठेवता सांगणारा."

दादांनी तो अर्थ दोन-तीनदा घोकला, पाढा घोकावा तसा. आई मात्र माझ्याकडे बघून गालात हसली.

दुसऱ्या दिवशी दादा आले तेव्हा मी काही न विचारता त्यांच्या खिशात हात घातला. खिळे नव्हते. लाल पेन्सिलीचा एक तुकडा होता. रीडरची पेन्सिल! आई देवापुढे साखर ठेवायला धावली आणि मी तिथंच रडायला लागले. दादांची नोकरी टिकल्याचा आनंद होताच. पण रीडर काही जुळणीच्या खात्यात जात नाही, आता खिळे घरी यायचे नाहीत, हे मला त्या रिकाम्या खिशातच कळलं होतं.

"वेडी की काय," दादा म्हणाले. त्यांनी दुसऱ्या खिशातून रद्दी प्रूफाचा एक पातळ कागद काढला, थरथरत्या हातानं लाल पेन्सिलीनं त्यावर तीन अक्षरं काढली आणि माझा हात धरून मला गॅलरीत आणलं. मग कागद पाठमोरा केला, खालचा वर केला आणि मावळतीच्या उजेडासमोर माझ्यापुढे धरला.

"हं, शोध."