काठोकाठ बशी

इस्लामपूरजवळच्या आमच्या पाणीसंस्थेचा मी अध्यक्ष. बैठक कशी चालवावी याचं दोन दिवसांचं शिबिर मी साताऱ्यात करून आलो होतो. त्यानंतरची पहिलीच बैठक पाण्याच्या पाळीवरून पेटली. खालच्या शिवारातला ऊस वाळत होता आणि वरचे शेतकरी आपली पाळी सोडत नव्हते. माझं 'एकेकानं बोला' कुणाच्या कानावरही जात नव्हतं.

तेवढ्यात स्टँडवरचा चहावाला किटली घेऊन आला. त्याचं नाव मला आजही ठाऊक नाही. खांद्यावर टॉवेल आणि चेहरा असा, की जणू आपणच सगळ्यांना बोलावलंय. तो ओळीनं चहा वाटेना. जो सगळ्यात मोठ्यानं ओरडत असेल, त्याच्या हातात काठोकाठ भरलेली बशी द्यायचा. सांडू नये म्हणून तो गडी गप्प व्हायचा आणि शेजारच्याला बोलायला मिळायचं.

खालच्या शिवारातली एक म्हातारी कधीची हात वर करून बसली होती. तिला मात्र त्यानं चहा दिलाच नाही.

"आवं मावशी, तुमी आदी बोलून घ्या. च्या कुटं पळून जात न्हाई."

म्हातारी बोलली, "माझा ऊस चार दिवस भिजू द्या, मग तुमी घ्या." वरच्यांच्या बशा रिकाम्या होईपर्यंत तिचं म्हणणं त्यांना पटलंही होतं.

शिबिरात शिकवल्याप्रमाणे मी समारोपाला उठलो. "मित्रहो" एवढंच म्हणालो, तोच त्यानं माझ्या हातात बशी ठेवली.

"घ्या सायेब. मिटलंय आता."

बशी काठोकाठ होती.