उताऱ्यात उल्लेख नाही

म्याव सरांनी चीनमधल्या आमच्या हुनान प्रांतातल्या तालुक्याच्या शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी उतारे सोडवून घेतले. उतारा समजलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह नव्हता. आधी प्रश्न वाचा, मनाचं काही घालू नका आणि येत नसेल तर 'क' लिहून मोकळे व्हा, एवढंच शिकवलं. मी तेवढ्यावर पास झालो. इंग्रजीतलं मला आजही ओ की ठो कळत नाही.

परवा त्यांच्याकडे चहाला बसलो असताना ऑकलंडच्या नातीचं पत्र आलं. तिला चिनी लिहिता येत नाही. सरांनी लाल पेन हातात धरून ते इंग्रजी वाचलं.

"अहो, कधी येतेय म्हणते?" काकूंनी विचारलं.

"उताऱ्यात उल्लेख नाही."

"नीट वाचा की जरा!"

सरांनी पुन्हा वाचलं. मग सवयीने पत्राखाली प्रश्नच काढला आणि पर्याय वाचून दाखवले. "नात कधी येईल? अ, उन्हाळ्यात. ब, दोन वर्षांनी. क, या नववर्षाला. ड, सांगता येत नाही."

"मला येत नाही," काकू म्हणाल्या. "म्हणजे 'क'च ना?"

एकतीस वर्षांत सरांनी चुकीच्या उत्तराला अर्धा गुणही दिला नव्हता. त्यांनी 'क'वर बरोबरची खूण केली.

काकू पाहुण्यांची रजई उन्हात टाकायला गेल्या.