कड्याची दुसरी

"बद्रीनाथनं कड्याला दुसरी ठेवलीय," अशी कुजबूज उमापुरात दिवाळीनंतर सुरू झाली. कुणी सुरू केली ते विचारू नका. आपण न्हाव्याच्या खुर्चीत अर्ध्या दाढीनं बसलेलो, बाहेरच्या बाकावर बद्रीनाथ फोनवर बायकोला सांगतोय, "रडू नको. दुसरी ठेवलीय कड्याला. सुखरूप हाय." कडा म्हणजे दोन एस्ट्या पलीकडचं गाव. आता माणसानं कान काय पिशवीत घालून ठेवायचे? माझी दाढी पुरी व्हायच्या आत बातमी पारापर्यंत पोचली होती.

हा बद्रीनाथ कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. ऊसतोडीचा हंगाम संपला की त्या घरांतल्या पोरी त्याच्याकडं शिकायला येतात. वीस वर्षांपूर्वी एकीनं विचारलं, "सर, बॅकअप म्हंजी काय?" छापील कोशात याला शब्द सापडला, पण तो बॅकअपहून अवघड. पोरीची आजी केशरबाई दारात टेकली होती. याचं सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजी बेणं की. सगळाच ऊस गाळायला धाडला तर फुडल्या साली लावचाल काय?"

त्या दिवशी बद्रीनाथची कॉम्प्युटरच्या गावठी शब्दांची वही, म्हणजे त्याचा कोश, सुरू झाला. फोल्डरला मोळी. सर्व्हरला मुकादम, कारण सगळे त्याच्याच तोंडाकडं बघतात आणि नेमका कामाच्या वेळी तो सापडत नाही. फ्लॉपी गेली, सीडी गेली. त्यानं ते शब्द खोडले नाहीत, पुढं 'वारला' असं लिहिलं. वनमालानं, त्याच्या बायकोनं, नऊ वर्षं दुपारी शिलाई मशीन बाजूला सारून सगळं टाइप केलं. चार हजार तीनशे शब्द. टाइप झालेली वही हा रद्दीत घालायचा. क्लासातली एक पोर म्हणाली, "सर, क्लाउडवर ठेवा." हा म्हणाला, "उमापुरात ढगाच्या भरवशावर कोण सुखी झालंय बाई?" आम्ही पोट धरून हसलो.

संभाजीनगरच्या प्रकाशकानं गुढीपाडव्याच्या आत हा कोश मागितला आणि दिवाळीत याची हार्ड डिस्क बसली. बीडला दाखवली, संभाजीनगरला दाखवली. दोन्हीकडं एकच उत्तर: आतलं काही निघणार नाही. तिथून परतल्यावर घरी जायच्या आधी त्यानं न्हाव्याच्या बाकावरून तो फोन केला होता.

कुजबूज वनमालाच्या कानावर गेली, तेव्हा ती मलाच हसली. "बापू, दुसरी म्हंजी प्रत हो. कोशाची. ह्यांच्या मित्राकडं हाय." मी ओशाळलो, पण माझं मन मानेना. प्रत आणायला माणूस दर शनिवारी दोन एस्ट्या बदलून कड्याला जातो आणि दर शनिवारी मोकळ्या हातानं येतो? कधी मित्र परगावी, कधी कपाटाची किल्ली हरवलेली. माघ सरत आला. एका शनिवारी मीही त्याच्या एस्टीत चढलो.

"बापू, तुमी कावून?"

"तुझी दुसरी बघायला."

तो हसला नाही. कड्याजवळच्या माळावर ऊसतोड टोळीची खोपटं होती. तिथं गेला, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, भाऱ्यावर बसला, नवी वही काढली. समोर केशरबाई, आता पार वाकलेली.

"आजी, बॅकअपला काय म्हणलीवतीस तू?"

"बेणं. आरं, हे तर तू मागंच लिवून नेलंवतं. हरवलं का काय?"

त्यानं मान खाली घालून 'बेणं' लिहिलं. मी वहीत डोकावलो. एकसष्ट शब्द झाले होते.

येताना तो एवढंच म्हणाला, "पाडव्यापत्तूर व्हईल का हो, बापू?" 

उमापुरात उतरलो तर वनमाला स्टँडवर उभी. त्याच्या पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बापू, तुमी तर कड्याला जाऊन आलात. बघितली का दुसरी?"

बद्रीनाथ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला. बातमी मी पसरवली होती, तेव्हा खरं काय ते तिला मीच सांगितलं.

कड्याला बाई नव्हती. प्रतही नव्हती. बद्रीनाथनं दुसरी प्रत कधी काढलीच नव्हती.