मास्तरांचा ढग

आमच्या कंपनीच्या कँटीनमागे एक खोली होती. पूर्वी तिथे रिकामी पिंपं ठेवत. तिला आतून काळा रंग फासून आणि खिडकीला घोंगडी ठोकून आम्ही तिची डार्करूम केली होती. शनिवारी पहिली शिफ्ट सुटली की कॅमेरा क्लबचे आम्ही सभासद तिथे जमायचो. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मी इन्स्पेक्शनला होतो, निगडीला राहायचो आणि चार फोटो बरे आल्यामुळे स्वतःला फार मोठा कलावंत समजायचो.

क्लबची एक रीत होती. दोरीला चिमट्यांनी फोटो टांगायचे आणि प्रत्येकाने प्रत्येक फोटोतली एक खोट सांगायची. ज्याचा फोटो, त्याने मध्ये बोलायचं नाही. शेवटी मास्तर उठायचे. मास्तर म्हणजे आमच्या ड्रॉइंग ऑफिसचे प्रमुख. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण आम्हाला फोटो बघायला त्यांनीच शिकवलं, म्हणून मास्तर. काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन ते फोटोवर ठेवायचे, चौकट लहानमोठी करायचे आणि विचारायचे, "आता काय गेलं? आणि गेलं म्हणून बिघडलं काय?" बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसायचं.

एका रविवारी मी सायकल मारत चाकणच्या पुढे गेलो आणि भामचंद्राच्या डोंगराचा फोटो काढून आणला. पुढे माळ, माळातून गेलेली गाडीवाट, मागे डोंगर. मला वाटलं, आता मंडळी गप्प होतील. मंडळींनी चिरफाड केली. विजेचा खांब डोंगराच्या टाळूतून उगवलाय. वाट कुठून आली आणि कुठे चालली, पत्ता नाही. भाकरी मोडावी तसे क्षितिजाने फोटोचे दोन सारखे तुकडे केलेत. माझे कान तापले. फोटो ओढून घरी जावं असं वाटत होतं.

मास्तरांनी काटकोन ठेवले. उजवी बाजू आत घेतली, खांब गेला. खालचा माळ कापला, तशी वाट डाव्या कोपऱ्यातून आत शिरली आणि वळण घेत डोंगराकडे चढू लागली. फोटो माझाच होता, पण मला तो ओळखू येईना. आनंद व्हायला हवा होता. मला रागच आला. मी दोन तास उन्हात उभा राहून जे मला दिसलं नाही, ते या माणसाला बसल्या जागी दिसावं?

"खाली जमलं," मास्तर म्हणाले. "वर मात्र काहीच नाही. आकाश पांढरं फटक."

"दुपारी असंच असतं आकाश, मास्तर," मी रीत मोडून बोललो.

"असतं ना. पण फोटोत ते भोक पडल्यासारखं दिसतंय."

पुढच्या शनिवारी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि पातळ कागदात गुंडाळलेली एक निगेटिव्ह हातात ठेवली. तिच्यात फक्त ढग होता. खाली जमीन नाही, झाड नाही. डोंगर छापून झाला की तो पुठ्ठ्याने झाकायचा आणि वरच्या कोऱ्या जागेवर हा ढग छापायचा, असं त्यांनी समजावलं. "जोड डोंगराच्या कडेवर येतो. तिथे हात हलता ठेवा, नाहीतर रेघ उठते. आणि हे सरावापुरतं हं. प्रदर्शनाला ढगही आपलाच हवा."

मी मान डोलावली. कितीतरी कागद वाया घालवले. कधी डोंगराला पांढरी किनार यायची, कधी ढग डोंगराच्या पोटात उतरायचा. मग एकदा जमलं. डोंगरामागून तो ढग असा वर आला होता की माळावरची वाटसुद्धा त्याच्याच ओढीने चालली आहे असं वाटावं. घरी बायकोला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. "ढगसुद्धा तिथलाच?" तिने विचारलं. "मग काय," मी म्हणालो.

त्या वर्षी क्लबच्या प्रदर्शनातून एक चित्र कंपनीच्या कॅलेंडरवर जाणार होतं. मास्तर पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते आणि हे कॅलेंडर त्यांना हवं होतं. त्यांनी ते लपवलंही नव्हतं. "रिटायर झाल्यावर माणसाला विचारतात, इतकी वर्षं केलंत काय," ते एकदा चहा पिताना म्हणाले होते. "नटबोल्टची ड्रॉइंगं दाखवून कुणाला कळणार? कॅलेंडर भिंतीवर लावता येतं." त्यांनी एक फोटो प्रदर्शनासाठी राखून ठेवला आहे एवढं आम्हाला ठाऊक होतं. तो आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता.

चित्रांवर नावं नसायची, नुसते नंबर. परीक्षक पुण्याहून यायचे. कोणाचं चित्र आणि कोणाचा ढग हे त्यांना कळणारच नव्हतं, तेव्हा मी ढगवालाच फोटो दिला. त्यानंतर मास्तर समोरून दिसले की मी वर्कशॉपच्या दुसऱ्या दाराने जायचो. चोराच्या मनात चांदणं.

प्रदर्शन कँटीनच्या हॉलमध्ये भरलं. परीक्षक एकेक चित्र बघत निघाले, पुढे गेले, परत मागे आले. मग त्यांनी चार चित्रं भिंतीवरून उतरवून टेबलावर शेजारी शेजारी मांडली.

"हा ढग फारच हिंडलेला दिसतो," ते म्हणाले. हॉल हसला.

एक माझा डोंगर. एक चिंचवडच्या पवनेचा घाट. एक आळंदीचा पूल. तिन्हींवर तोच ढग, त्याच फुगलेल्या गालाचा. माझ्या शेजारी स्टोअर्समधला, मूळ चिखली गावचा आमचा एक सभासद बसला होता. तो माझ्या कानाशी पुटपुटला, "तुमाला बी दिला व्हता व्हय? मला वाटलं, मलाच दिलाय."

चौथं चित्र घोराडेश्वरच्या डोंगराचं होतं. त्यातही तोच ढग होता, पण तिथे त्याची सावली डोंगराच्या उतारावर पडली होती. ते चित्र कोणाचं हे मला लगेच कळलं. मास्तरांनी राखून ठेवलेला फोटो तो हाच.

"एकच आकाश चौघांनी वापरलंय," परीक्षक म्हणाले. "चारही बाद."

मी उठलो. म्हणालो, "साहेब, चौथं खरं आहे. ढग त्याच चित्रातला. त्यातला नुसता ढग वेगळा उतरवून आम्हाला सरावाला दिला होता."

"कोणी दिला?"

मी मास्तरांकडे बघितलं. माझ्यामागोमाग सगळा हॉल त्यांच्याकडे बघायला लागला.

"अच्छा, म्हणजे क्लबात ढगवाटप चालतं तर," परीक्षक म्हणाले. ते काही वाईट हेतूने बोलले नाहीत, पण या वेळचा हशा मोठा होता. मास्तर उभे राहिले, "हो, मीच दिला," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. नियम तो नियम. बाद झालेलं परत आत आलं नाही. कॅलेंडरवर ऑफिससमोरच्या बागेतले गुलाब गेले. माझं उठून बोलणं म्हणजे बैल गेला नि झोपा केला. उलट मी बोललो नसतो तर निदान त्यांच्यावर कोणी हसलं नसतं.

हॉल रिकामा झाला. मास्तर भिंतीवरच्या पिना काढून डबीत टाकत होते. मी जवळ गेलो. लाजेने वर बघवत नव्हतं. "मास्तर, मी..."

त्यांनी टेबलावरचा माझा फोटो उचलला आणि खिडकीशी उजेडात धरला. डोंगराच्या कडेवरून नख फिरवत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठे रेघ सापडते का ते खरोखरच शोधत होते.

"जोड दिसत नाही," ते म्हणाले. "हात छान बसला तुमचा."

आवाजात टोमणा नव्हता. फोटो माझ्या हातात देऊन ते उरलेल्या पिना काढायला वळले. मी शिव्या खायच्या तयारीने गेलो होतो. मिळाल्या असत्या तर निमूट खाऊन घरी गेलो असतो. या शाबासकीचं काय करायचं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही.