शुक्रवारची झोप

आमच्या घराखाली मागांचा कारखाना आहे. लग्न होऊन भिवंडीत आले तेव्हा त्या खडखडाटाने डोकं उठायचं. आता तो नसला की झोप येत नाही. नवरा गेल्यापासून तर घरात तेवढीच सोबत. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी, आणि मला जागरण.

खालच्या कारागिराशी माझी ओळख भांडणाची. मांडणीवरची भांडी फारच थरथरली की मी बत्ता फरशीवर आपटते. एवढ्या आवाजात त्याला ऐकू काय जाणार? पण छताची माती कापडावर पडते. मग तो वर येऊन कुरकुरतो, "चाची, कपड़ा खराब होता है." मी म्हणते, "और मेरा डोका?" वर्षानुवर्षं आमचं इतकंच बोलणं.

यंदा पोटाचं दुखणं हटेना. डॉक्टर म्हणाले, झोपेचं इंजेक्शन देऊन दुर्बिणीने तपासू. दुर्बिणीचं मला काही वाटलं नाही, भीती झोपेची होती. उठलेच नाही तर? त्यात नर्सबाईंनी बजावलं, "मावशी, बरोबर मानूस पायजे. त्याबिगर इंजेक्शन न्हाय."

माणूस आणायचं कुठून? मुलगा परदेशात. म्हणाला, "आई, मी व्हिडिओ कॉलवर असतो ना." कॉलवरचा मुलगा दंड धरून रिक्षात बसवतो होय? नातेवाइकांना फोन केले. कोणाकडे पाहुणे, कोणाची ड्युटी. खोटं कोणी बोललं नसेल, पण फोन ठेवल्यावर मला फार एकटं वाटलं.

शेवटी शुक्रवारची वेळ घेतली आणि खाली गेले. भांडते तशाच तोऱ्यात गेले, आवाज मात्र चढेना. सगळं ऐकून कारागीर हात पुसत म्हणाला, "चलेंगे चाची. बस, जुमे की नमाज़ के लिए थोड़ी देर जाना पड़ेगा."

भूल देणारी डॉक्टर म्हणजे अगदी तरुण पोरगी. माझे थंडगार हात बघून ती स्टूल ओढून बसली.

"काकू, कशाची भीती वाटते?"

"परत उठले नाही तर?"

ती हसली नाही. म्हणाली, "ही मोठ्या ऑपरेशनची भूल नाही, हलकी झोप आहे. श्वास तुमचा तुम्हीच घेणार. बोटाला हा चिमटा लावला की तुमची नाडी आणि ऑक्सिजन मला समोर दिसत राहतात. औषध थोडं थोडंच देईन. उपाशी आहात ना? ते त्यासाठीच, उलटी होऊन श्वासात जाऊ नये म्हणून. आणि तुम्ही झोपलात तरी मी जागीच असणार. इथून हलणार नाही."

माझ्यासाठी कोणीतरी जागं राहणार, हे किती वर्षांनी ऐकलं. डोळे भरून आले. इंजेक्शन कधी दिलं ते कळलंही नाही.

"झालं काकू," म्हणत तिनेच उठवलं. पोटात जखम होती, गोळ्यांनी बरी होणारी. मला बाहेरच्या खाटेवर आणलं. आजूबाजूच्या खाटांजवळ घरची माणसं होती. माझ्याजवळचं स्टूल रिकामं. नमाजाला गेलाय हे ठाऊक होतं, तरी त्या स्टुलाकडे बघवेना. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. थोड्या वेळाने हाक आली, "चाची, चलें?" डोक्यावरची टोपी काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

रिक्षात गुंगीत मी त्याला सांगून बसले, शुक्रवारी माग बंद असले की मला झोप येत नाही. घरी पोचवून तो दार ओढून गेला. मुलाचा फोन आला. त्याची मीटिंग होती, दोन वाक्यांत आटपला. डोळे जड झाले होते, पण झोप येईना. शुक्रवार. घर नुसतं सुन्न.

इतक्यात खाली एक माग सुरू झाला. सुट्टीच्या दिवशी, एकच. एकट्या मागाचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. किती हळू वाटत होता. मी डोळे मिटून ऐकत राहिले.

थोड्या वेळाने तो थांबला. चाचीला झोप लागली असेल, असं त्याला वाटलं असणार.

मी भिंतीला धरून उठले, बत्ता घेतला आणि फरशीवर दोनदा आपटला.

माग परत सुरू झाला.