खिडकीत लावलेली छाती

आमच्या भावनगरच्या सोसायटीत कुणी आजारी पडलं की खबर काढायला जसुबेन सगळ्यांच्या आधी पोचायच्या. हातात मोसंबी, आणि तोंडात याच दुखण्याने कोण कोण गेलं त्यांची नावं. स्वाइन फ्लूच्या साथीत त्या स्वतःच आडव्या झाल्या. इस्पितळात कुणालाच भेटू देत नव्हते. फुकट आजारी पडले, असं त्या नंतर म्हणाल्या.

घरी आल्या तेव्हा रक्ताच्या तपासणीचे आकडे सुधारले होते, छातीच्या एक्स-रे फोटोत मात्र पांढरे ढग तसेच होते. ते मागाहून निवळतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांच्या यजमानांनी, नटुभाईंनी, फोटो बैठकीच्या खिडकीला चिमट्याने लावला. येणारा प्रत्येकजण चहाची रकाबी धरून तो बघायचा आणि हळहळायचा. रक्ताचा कागद कुणी मागितला नाही. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

त्याच सुमारास समोरच्या रंभाबेनना ताप भरला. त्यांचा फोटो स्वच्छ आला.

"हिला काय धाड भरलीय? आमचा बघा," नटुभाई खिडकीकडे बोट दाखवून म्हणाले. आवाजात जरा अभिमान होता.

"रक्ताचं काय आलं?" जसुबेननी मला विचारलं.

"कुणी बघितलंय?"

"जा, घेऊन ये."

कागद रंभाबेनच्या फ्रिजवर, थेपल्यांच्या डब्याखाली होता. पेशींचा एक आकडा बराच खाली, सुजेचा बराच वर.

"माझंही पहिल्यांदा असंच आलेलं," जसुबेन म्हणाल्या. "फोटोही साफ होता. म्हणून तर हे मला आल्याचा काढा पाजत बसले."

नटुभाईंनी पंख्याचा वेग कमी केला.

जसुबेन तोंडाला ओढणी बांधून खोकत समोर गेल्या. मी मागोमाग. दारात रंभाबेनची सासू.

"अगं, तू कशाला उठलीस? तुझा फोटो किती वाईट!"

"बा, माझ्या फोटोत होऊन गेलेलं दुखणं आहे. हिचं आत्ता सुरू होतंय. रिक्षा बोलवा."

"नाटकं आहेत तिची. फोटो काचेसारखा आहे."

आतून रंभाबेन चिडल्या. "तू कोण गं... मला..." आणि श्वासासाठी थांबल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबल्या. या बाईला भांडणात मध्येच थांबलेलं सोसायटीत कुणी पाहिलं नव्हतं. सासूच चपला घालून रिक्षा आणायला धावली.

इस्पितळात गेल्या गेल्या ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशीचा फोटो दोन्ही बाजूंनी पांढरा होता. आणखी घरी बसली असती तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

रंभाबेन परतल्या तेव्हा त्यांच्याही खिडकीत फोटो लागला. लोक समाधानाने बघून गेले. जसुबेन मोसंबी घेऊन गेल्या आणि आधी रक्ताचा कागद मागितला. वाचून घडी घातली.

"सगळे म्हणतात, माझा तुझ्यापेक्षा जास्त पांढरा आहे," रंभाबेन म्हणाल्या. एका दमात.

"असेल," जसुबेन मोसंबी सोलत म्हणाल्या. "तुझं सगळंच जास्त."